जोडकार्डावरची खरेदी

माझं काम लोकांना फोन करण्याचं होतं. समोरचा फोन उचलायचा आणि मी ठरलेलं वाक्य म्हणायचो, "नमस्कार, आपण आमच्या कार्डावर बऱ्याच दिवसांत खरेदी केलेली नाही." वाक्य साधं आहे. पण दिवसभर तेच म्हणत राहिलं की संध्याकाळपर्यंत त्याचा अर्थ बदलायचा. आपण माणसांना, तुम्ही अजून आहात का, असं विचारत बसलोय, असं वाटायचं.

सांगली, सातारा आणि आसपासच्या तालुक्यांत शाखा असलेल्या एका मोठ्या दुकानात मी होतो. कपडे, भांडी, फ्रिज, गाद्या, सगळं एका छताखाली. या दुकानाचं स्वतःचं उधारीचं कार्ड होतं. बँकेचं कार्ड जगात कुठंही चालतं, हे फक्त आमच्या शाखांत चालायचं. खातं एकाच्या नावावर, आणि हवं असेल तर घरातल्या दुसऱ्या माणसाला एक जोडकार्ड. दोन्हीपैकी कुठल्याही कार्डावर खरेदी झाली की खातेदाराच्या मोबाइलवर मेसेज जायचा. आणि वर्षभर दोन्ही कार्डांवर काहीच खरेदी झाली नाही, तर खातं बंद. त्याआधी एक पत्र, मग एक मेसेज, आणि शेवटी माझा फोन. माझ्या टेबलाचं नाव होतं 'निष्क्रिय खाती'. साताऱ्याच्या शाखेत वरच्या मजल्यावर, गाद्यांच्या गोदामाला लागून ते टेबल होतं.

आता ती कार्ड योजनाच गुंडाळली गेली. मीही दुसरीकडे कामाला लागलो. त्यामुळे हे लिहून कुणाचं नुकसान होणार नाही. माझं झालं तर होऊ दे.

खातं बंद होणं ही किरकोळ गोष्ट आहे असं मला आधी वाटायचं. मेढ्याकडच्या एका निवृत्त सुभेदारांनी तो समज पहिल्यांदा हलवला. त्यांनी कार्ड घेतल्यापासून एकदाही वापरलं नव्हतं. नियमाप्रमाणे खातं बंद झालं, तर गृहस्थ मिशांना पीळ भरत थेट माझ्या टेबलाशी आले. कार्ड समोर ठेवलं. त्यावर हळदकुंकू होतं.

"खंडेनवमीला आमी ह्याची पूजा करतो," ते म्हणाले. "तलवारीच्या शेजारी ठिवतो."

"पण सुभेदारसाहेब, तुम्ही ते कधी वापरलंच नाही."

"घरात बंदूक हाय माझ्या. रोज चालवतोय व्हय? न चालवता ऱ्हावं म्हणूनच ठिवलीया. म्हणून काय सरकार घिऊन जातंय?"

मी ते कार्ड दोन्ही हातांनी उचलून त्यांना परत दिलं.

दुसरा अनुभव पाचगणीचा. तिथल्या एका शाळेच्या वसतिगृहातून निवृत्त झालेल्या बाई होत्या. आमच्याकडून पडदे न्यायच्या, तेव्हा फोनवर खूप बोलायच्या. एका वर्षी मी फोन केला आणि नाव विचारलं. पलीकडून शांत आवाज आला, "त्या वारल्या." तो आवाज त्यांचाच होता. जरासा घोगरा, 'र' वर किंचित थांबणारा. मी म्हटलं, "बाई, तुम्हीच बोलताय ना?" पुन्हा तोच आवाज, "लिहून घ्या. वारल्या." मी खात्यावर 'मयत' अशी नोंद केली. आमच्या यंत्रणेत त्या नोंदीवरून परतीची वाट नव्हती. पुढे पाचगणीच्या बाजारात त्या मला समोरून आल्या. टोपलीत स्ट्रॉबेरी होत्या. ओळखीचं हसल्या आणि म्हणाल्या, "फोन यायचे बंद झाले, बरं का. आभार."

पण मला सांगायचं आहे ते कमल बंडगरांबद्दल.

कमलताई कवठे महांकाळ तालुक्यातल्या. मेंढपाळ घर, थोडी कोरडवाहू जमीन. त्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस होत्या, म्हणून खातं त्यांच्या नावावर आणि जोडकार्ड नवऱ्याकडं, बिरुदेवकडं. मी सांगलीच्या काउंटरवर होतो तेव्हापासून त्यांना ओळखायचो. वर्षातून एकदाच यायच्या. एखादी वाटी, एखादं उलथणं असं काहीतरी घ्यायच्या, कार्डावर बिल करायला लावायच्या आणि तिथंच उभ्या उभ्या ती रक्कम रोखीनं भरायच्या.

एकदा मी विचारलं, "ताई, रोखच देताय तर कार्ड कशाला मध्ये?"

"चालू ऱ्हायला पायजे न्हवं त्ये."

"कशासाठी?"

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "आमचं मालक पाचगणीकडं मळ्यात कामाला हुतं. सणाला यायचं म्हणून निघालं. फोनवर म्हणालं, साताऱ्यात दुकानात जातो, तुला कुकर घिऊन येतो. तवापासनं न्हाईत. फोन बंद हाय. पोलिसांनी सोदलं, आमी सोदलं. पर कार्ड त्येंच्या खिशात हाय, दादा. कवातरी कुठंतरी वापरत्याल. वापरलं की मला कळंल."

नवऱ्याचं नाव त्या घेत नव्हत्या, तशी त्यांच्याकडं रीतच नाही. पण कार्डाच्या कागदांवर ते नाव होतं, आणि त्या ते बोटानं दाखवायच्या.

पुढे माझी साताऱ्याला बदली झाली. काही वर्षं गेली. आणि एका महिन्यात माझ्या टेबलावर आलेल्या नावांत 'कमल बंडगर' होतं. मी लगेच फोन लावला.

"पाय मोडलाय, दादा," त्या म्हणाल्या. "अंगणवाडीच्या पायरीवरनं पडले. पलास्टर हाय मांडीपतूर. सांगलीला कशी यिऊ?"

"कुणाला तरी पाठवा."

"कुनाला? दीर न्हाई जायाचा. त्येला वाटतं पडू द्यावं बंद." मग आवाज खाली गेला. "तुमी करू नगा बंद. तुमच्या पाया पडते."

फोनवरून मुदत वाढवण्याचा अधिकार मला नव्हता. शाखाप्रमुखांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, नव्यानं अर्ज करायला सांगा. नव्या खात्याला नवं जोडकार्ड. बिरुदेवच्या खिशातलं मग नुसतं प्लॅस्टिक.

कार्डावरची पट्टी घासून गेली असेल तर नंबर हातानं टाकून बिल करण्याची सोय आमच्याकडं होती. ग्राहक समोर असेल तरच, असा कडक नियम होता. दसऱ्याच्या गर्दीत मी खाली गेलो, एका काउंटरवरच्या मुलीला जेवायला पाठवलं आणि टॉर्चचे सेल घेऊन बिल करायला बसलो. कमलताईंचं कार्ड खराब झालं होतं म्हणून नवं काढलेलं होतं, पण ते सांगलीच्या कपाटात पडून होतं, सुरू झालेलं नव्हतं. त्या खात्यावर चालू असं एकच कार्ड होतं, जोडकार्ड. मी त्याचा नंबर टाकला. पैसे खिशातून भरले. खातं वाचलं. वर जाऊन मी डबा खाल्ला आणि फार दिवसांनी मला स्वतःबद्दल बरं वाटलं.

नियमाचा विचार मी केला होता. नोकरीचा केला होता. मेसेजचा मात्र केला नाही. रोज ज्या यंत्रणेवर माझं पोट चालायचं, तिचीच ही साधी गोष्ट विसरलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानासमोर जीप थांबली. कमलताई दिराच्या खांद्यावर हात टाकून, प्लॅस्टरचा पाय ओढत आत आल्या. कपाळावर कुंकू इतकं मोठं की त्यांच्या चेहऱ्यात दुसरं काही दिसेना. सोबत त्यांचा दीर म्हाळाप्पा, पागोट्यातला बारका, थकलेला माणूस.

त्यांनी मोबाइल माझ्यापुढं धरला. "बगा. सातारा शाखा. जोडकार्ड. मी म्हणत हुते न्हवं?"

मी म्हाळाप्पाकडं पाहिलं. तो म्हणाला, "सायेब, काल आमच्याकडं तयारी झाली हुती."

"कसली?"

तो सांगत गेला. परागंदा माणसाची वाट बघायचे दिवस संपले की त्याचं शेवटचं कार्य करावं लागतं. देह नसतो, म्हणून पळसाच्या पानांचा माणूस बांधतात आणि त्याला अग्नी देतात. पावण्यांनी आणि पंचांनी मिळून ते ठरवलं होतं. कमलताईंची एकच अट होती, कार्डाचं खातं बंद पडलं की मगच. खात्याची मुदत काल संपत होती, म्हणून कालचाच दिवस धरला होता. पानांचा माणूस बांधून झाला, त्याला पांढरं फडकं नेसवलं, बायका कमलताईंच्या भोवती बसल्या, आणि त्यांच्या पदराखाली मोबाइल वाजला.

"आता त्यो बांधलेला तसाच हाय," म्हाळाप्पा म्हणाला. "जाळता येत न्हाई, टाकता येत न्हाई. भटजी म्हणत्यात, असं कवा झालंच न्हाई. मेंढरं कोंडायच्या जाळ्याला, वाघरीला लागून ठिवलाय. मेंढरं त्या अंगाला बसत न्हाईत, सायेब. सारी एका बाजूला गोळा हुत्यात."

"तुमी गप ऱ्हावा," कमलताई त्याला म्हणाल्या. मग मला, "दादा, क्यामेऱ्यात दिसत आसत्याल न्हवं त्ये? दावा."

तिथंच सांगायला हवं होतं. पण आवाज ऐकून शाखाप्रमुख बाहेर आले होते. सगळं ऐकून ते हळहळले आणि आम्हाला आपल्या खोलीत घेऊन गेले. दुसऱ्याचं कार्ड हातानं चालवणं म्हणजे त्याच दिवशी नोकरी गेली असती, पोलीसही आले असते. माझी मुलगी तेव्हा बारावीला होती. हे कारण म्हणून सांगत नाही. मनात काय आलं ते सांगतोय.

पडद्यावर कालची दुपार सुरू झाली. चित्राला आवाज नव्हता. दसऱ्याची गर्दी, पिशव्या, साड्या. काउंटरच्या आत मी बसलेला. मान खाली, बोटं बटणांवर. खोलीत मी कमलताईंच्या शेजारी उभा होतो आणि पडद्यावरही मीच होतो, आणि शाखाप्रमुखांना त्यात काही वावगं दिसलं नाही, कारण गर्दीत मी काउंटरवर बसायचो. आता त्या माझ्याकडं बघतील, मग पडद्याकडं, मग पुन्हा माझ्याकडं, म्हणून मी वाट बघत होतो. पण त्या पडद्यावर माझ्या मागं बघत होत्या.

"थांबवा. ह्ये काय!"

माझ्या पाठीमागं घोंगड्या-चादरींचा ढीग होता. त्या ढिगाजवळ एक माणूस उभा होता. डोक्याला पटका, खांद्यावर काहीतरी टाकलेलं. चेहरा अंधुक. गर्दी त्याच्या दोन्ही बाजूंनी वाहत होती आणि तो हलत नव्हता. तो काही बघत असेल तर माझ्या बोटांकडं बघत होता.

"वैनी, ह्यो बिरा न्हवं," म्हाळाप्पा पुटपुटला. पण त्याचा आवाज खात्रीचा नव्हता.

"हुबं ऱ्हायाची ढब बगा. डाव्या पायावर भार. काठी नसली तरी काठी धरल्यागत."

चित्र पुढं सरकलं. मी बिल फाडलं, सेल खिशात टाकले, उठलो. पुन्हा ढिगाकडं पाहिलं तर तिथं कुणी नव्हतं. दारावरच्या कॅमेऱ्यासमोर दसऱ्याचं तोरण आलं होतं. त्यात नुसती झेंडूची फुलं हलत होती.

त्या जीपकडं निघाल्या तेव्हा मी मागून धावलो. म्हाळाप्पा रस्त्यापलीकडं पाणी आणायला गेला होता. मी जीपच्या दाराला धरून सगळं सांगितलं. सेल, जोडकार्डाचा नंबर, विसरलेला मेसेज. "पडद्यावर आत बसलेला माणूस मी होतो, ताई. खरेदी मी केली. बिरुदेवनं नाही."

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ओरडल्या असत्या, थोबाडीत मारली असती, तर मला बरं वाटलं असतं.

"दिसलासा की तुमी," त्या म्हणाल्या. "म्या काय आंधळी हाय? तुमी बटणं दाबत हुता. आन् त्ये तुमच्या मागं हुबं हुतं."

"तो कुणीही गिऱ्हाईक असेल, ताई."

"आसंल. पर दुकानात येवडी कार्डं. तुमच्या हातनं त्येंचंच कसं दाबलं गेलं? आन् कालच कसं? तुमाला कुनी लावलं दाबायला?"

मी म्हणणार होतो, दयेनं. पण तो शब्द त्यांच्यापुढं काढायची माझी लायकी नव्हती.

जाताना त्यांनी एक बजावलं. "आता मी काय घ्यायची न्हाई. तुमीबी न्हाई. त्येंनी घेतलं तर त्येंनी."

ते वर्ष मी कसं काढलं ते मलाच ठाऊक. वर काम करताना गोदामात गादी सरकली तरी मान मागं वळायची. काउंटरवर बसलो की पाठीमागं काय आहे ते आधी बघून घ्यायचो. त्या दिवशीचं चित्र मी पुन्हा बघायला गेलो तर जुनं पुसलं गेलं होतं, ते महिन्याभरात पुसलं जायचंच. खातं मात्र मी रोज बघायचो. तिथं माझी सेलची खरेदी होती आणि त्यानंतर काही नव्हतं. मधूनच म्हाळाप्पाचा फोन यायचा. "सायेब, त्यो बांधलेला वाळलाय पार. वाऱ्यानं वाजतो. कुनी झोपडीतनं बाहीर यीना." एकदा तो म्हणाला, "वैनी रोज त्येच्याजवळ बसून जेवती." मी फोन खाली ठेवला.

मुदत संपायला आली. एका बटणाचं काम होतं. पुन्हा सेल घेतले असते तर कमलताईंना आणखी एक वर्ष मिळालं असतं, आणि त्या पानांच्या माणसालाही. दोन वेळा मी खाली काउंटरपर्यंत गेलो. दोन्ही वेळा परत आलो. शेवटी फोन केला. माझ्या कामातला तो शेवटचा फोन नव्हता, पण ठरलेलं वाक्य मी त्या दिवशी म्हटलं नाही.

"कमलताई, उद्या बंद होईल."

फोनमध्ये माळावरचा वारा वाजत होता.

"तुमी घेतलं न्हाई न्हवं?"

"नाही."

"पोरीची शपथ घ्या."

घेतली.

"मग परवा या. बंद करताना तुमी लागताच."

मी गेलो. गावाबाहेरचं माळरान, लांबवर पवनचक्क्या. पानांचा नवा माणूस बांधला होता, जुना त्याच्या शेजारी निजवला होता. दोघांना मिळून एकच फडकं. सगळे जमले होते, पण कुणी काडी लावेना. म्हाळाप्पा मला बाजूला घेऊन म्हणाला, "आमच्यात रीत हाय, सायेब. आग द्यायच्या आधी नावानं हाक मारायची. जित्ता आसंल तर ओ देईल. घरच्यानं मारायची नसती, बायकूनं तर नावच घ्यायचं नसतं. बाहीरचा माणूस लागतो. वैनीनं तुमचं नाव सांगितलंया."

आयुष्यभर मी अनोळखी माणसांची नावं घेऊन फोन करत आलो होतो. ते एक नाव घ्यायच्या आधी मी कमलताईंकडं पाहिलं. त्या पाय पसरून दगडावर बसल्या होत्या. प्लॅस्टर केव्हाच निघालं होतं, पण पाय वाकडाच जुळला होता. त्यांनी मला मान हलवून खूण केली.

मी हात तोंडाशी नेऊन ओरडलो, "बिरुदेऽव!"

माळावर आवाजाला अडवायला काही नाही. तो गेला तो गेलाच. मी उगवतीकडं हाक मारली, मग मावळतीकडं. बायकांनी डोळे मिटले होते. मी ओढ्याच्या दिशेनं वळलो आणि सगळा जीव गोळा करून ओरडलो, "ए बिरुदेऽऽव!"

"ओऽऽ!"

लांबून, ओढ्यापलीकडून. पुरुषाचा आवाज. स्वच्छ.

म्हाळाप्पाच्या हातातला पेटता पलिता खाली पडला. एक म्हातारी छाती बडवायला लागली. कमलताई मात्र काठीशिवाय उभ्या राहिल्या. ओढ्याच्या काठावर, बाभळींतून, मेंढरांमागून एक माणूस वर आला. पटका, खांद्यावर घोंगडं. भार डाव्या पायावर. तो आमच्याकडं बघत हात डोळ्यांवर धरून उभा राहिला.

तो जवळ जवळ येत गेला.

"काय झालं रं?" तो लांबूनच ओरडला. "मला कोन बलवतंय?"

म्हाळाप्पानं कपाळाला हात लावला. "आरं, ह्यो वरल्या वस्तीवरचा बिरा. आमच्यात देवाचं नाव ठिवत्यात, सायेब. घराआड एक बिरुदेव हाय."

त्या माणसाला सरण दिसलं, फडकं दिसलं, आणि तो जागीच थिजला. "म्या ओ दिली," तो कमलताईंना म्हणाला. "मला ठावं नव्हतं, वैनी. चुकलं माझं."

कमलताई त्याच्याकडं बघत राहिल्या. मग हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता डोळ्यांतून धारा लागल्या, तरी हसू थांबलं नाही.

"न्हाई चुकलं, भाऊ," त्या म्हणाल्या. "त्या नावाला ओ आली न्हवं कुनाची तरी? बास झालं मला."

त्यांनी खाली पडलेला पलिता स्वतः उचलला, फुंकर घालून धगधगता केला आणि दिराच्या हातात दिला.

"लावा आता."